निकियाच्या ठरावाची वाटचाल

325 साली निकियाला भरलेल्या परिषदेचे इतिवृत्त उपलब्ध नाही. सभा दोन महिने चालली, सम्राट जातीने हजर होता, बिशप सरकारी खर्चाने आले होते. पण कोण काय बोलले याचा एकही अधिकृत कागद मागे राहिलेला नाही. हजेरीचा आकडासुद्धा धड सापडत नाही. कैसरियाचा बिशप युसीबियस स्वतः तिथे होता. तो अडीचशेच्या वर म्हणतो. अथनेशियसही तिथे होता. तो तीनशेच्या आसपास म्हणतो. पुढे 318 हा आकडा रूढ झाला, कारण उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राहामाने लढाईला नेलेल्या माणसांची संख्या तेवढी आहे. थोडक्यात, आकडा आधी ठरला आणि माणसे नंतर मोजली गेली.

हाती उरतात ती काही पत्रे, वीस नियम आणि एक मतांगीकार. हा मतांगीकार आजही जगभरच्या चर्चमध्ये, थोड्या वाढलेल्या रूपात, उभे राहून म्हटला जातो. म्हणणाऱ्यांना तो स्तोत्रासारखा वाटतो. पण बारकाईने वाचला तर त्यातले बहुतेक प्रत्येक कलम कुणाच्या तरी विरोधात लिहिलेले दिसते. हरवलेल्या इतिवृत्ताचे काम हा मजकूरच करतो; फक्त ज्यांना सभेबाहेर काढले त्यांची नावे त्यात नाहीत. संस्थांच्या वाटचाली लिहिताना पराभूत गटाला एका ओळीत उरकण्याची पद्धत आहे. इथे तसे केले तर काहीच कळणार नाही, कारण ही परिषद नावाची संस्था घडवली ती त्या पराभूतांनीच.

प्रश्न साधा होता. पहिल्या पिढीचे ख्रिस्ती यहुदी होते. देव एकच, यावर त्यांच्या पूर्वजांनी जीव दिले होते. तरी ते येशूची प्रार्थना करत, त्याच्या नावाने बाप्तिस्मा देत. मग देव किती? दुसऱ्या शतकाच्या अखेरीस रोममध्ये या प्रश्नाची दोन सोपी उत्तरे फिरू लागली. बिझँटियमहून आलेला थिओडोटस नावाचा कातड्याचा कारागीर म्हणत असे की येशू हा माणूसच. बाप्तिस्म्याच्या वेळी देवाने त्याला सामर्थ्य दिले, म्हणजे एका अर्थी दत्तक घेतले. बिशप व्हिक्टरने त्याला बाहेर काढले. दुसरे उत्तर नेमके उलटे होते. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ही एकाच देवाची तीन रूपे, तीन भूमिका, असे सॅबेलियसचे म्हणणे. यावर विरोधक खवचटपणे विचारत की मग क्रुसावर खिळला गेला तो पिताच का? आणि गेथशेमानेच्या बागेत येशू प्रार्थना करत होता ती कोणाची, स्वतःचीच? सुमारे 220 साली सॅबेलियसलाही बहिष्कृत केले गेले. त्याच काळात कार्थेजचा टर्टुलियन लॅटिनमध्ये ‘त्रिनितास’ हा शब्द वापरू लागला होता. भाषेचा कारखाना सुरू झाला होता, पण माल अजून कच्चा होता.

पाखंडी म्हटले की आपल्यासमोर कुणी वाह्यात, चमत्कारिक माणूस येतो. ही माणसे तशी नव्हती. एकाला देवाचे एकत्व जपायचे होते, दुसऱ्याला येशूचे खरे माणूसपण. प्रत्येकाच्या मुठीत एकेक मौल्यवान गोष्ट होती. ती सुटू नये म्हणून दुसरी टाकून द्यायची त्यांची तयारी होती. चर्चने दोन्ही धरून ठेवायचे ठरवले, आणि त्यासाठी लागणारी भाषा तयार व्हायला दीड शतकाहून अधिक काळ गेला.

परिषद ही संस्था म्हणून पहिल्यांदा ठळक दिसते ती अंत्युखियात, 268 साली. तिथला बिशप समोसाटाचा पौल हा बडा असामी होता. बिशपपदाबरोबर सरकारी पगाराचे पदही त्याने ठेवले होते. चर्चमध्ये स्वतःसाठी उंच आसन बांधून घेतले होते. ईस्टरच्या दिवशी बायकांकडून स्वतःच्या स्तुतीची गाणी गाऊन घेतो, असाही आरोप होता. पण मुख्य आरोप शिकवणुकीचा होता: येशू खालून वर गेलेला माणूस, वरून आलेला पुत्र नव्हे. वादात त्याला पकडायला बिशप कमी पडले. तेव्हा माल्कियन नावाच्या वक्तृत्वशाळेच्या प्रमुखाला उभे केले गेले आणि सवालजवाब टिपायला लघुलेखक बसवले गेले. पौल हरला, पदच्युत झाला, पण बिशपचे घर सोडेना. अखेर प्रकरण सम्राट ऑरेलियनकडे गेले. तो ख्रिस्ती नव्हता. त्याने 272 च्या सुमारास निकाल दिला की इटलीचे आणि रोमचे बिशप ज्यांच्याशी पत्रव्यवहार ठेवतात, इमारत त्यांची. धर्ममताचा वाद मालमत्तेचा दावा होऊन सरकारदरबारी जाण्याची ही पहिली वेळ. शेवटची अर्थातच नव्हे.

या परिषदेतली एक गोष्ट पुढे फार अडचणीची ठरली. पौलाने ‘होमोऊसिओस’, म्हणजे पित्याशी एकाच तत्त्वाचा, हा शब्द वापरला होता आणि परिषदेने तो अमान्य केला होता. सत्तावन्न वर्षांनी निकियाच्या परिषदेने नेमका हाच शब्द मतांगीकारात घातला. कैसरियाच्या युसीबियसला घरच्या मंडळींना पत्र लिहून आपण सही का केली याची लांबलचक सफाई द्यावी लागली. ते पत्र आजही वाचायला मिळते, आणि नको असलेल्या ठरावावर सही करून आलेल्या प्रतिनिधीची अवस्था त्यात अगदी ओळखीची वाटते.

निकियापर्यंत गाडी आली ती आरियसमुळे. आलेक्सांद्रियातल्या बाउकालिस चर्चचा हा धर्मगुरू मूळचा लिबियाचा. वृत्तीने तपस्वी, बोलण्यात गोड, युक्तिवादात पक्का. 318 च्या सुमारास त्याचे आणि बिशप अलेक्झांडरचे वाजले. आरियसचे म्हणणे असे: पुत्र जन्मलेला आहे, म्हणजे त्याला आरंभ आहे, म्हणून तो नव्हता असा एक क्षण होताच. तो सगळ्या सृष्टीहून श्रेष्ठ, पण सृष्टच. नीतिसूत्रांच्या आठव्या अध्यायात देवाने ज्ञानाला आपल्या कार्यारंभी निर्माण केले असे आहे, तो त्याचा मुख्य आधार. लोकांच्या तोंडी बसावे म्हणून खलाशांसाठी, दळणाऱ्यांसाठी, वाटसरूंसाठी त्याने गाणी रचली असे त्याच्याच बाजूचा एक इतिहासकार सांगतो. धर्मशास्त्राचा वाद बंदरावर गायला जाऊ लागला म्हटल्यावर प्रकरण बिशपच्या हातात राहिले नाही.

324 साली लिसिनियसला हरवून कॉन्स्टँटाइन सगळ्या साम्राज्याचा एकटा धनी झाला आणि पूर्वेकडे येऊन पाहतो तर चर्च दुभंगलेले. त्याने आरियस आणि अलेक्झांडर दोघांना पत्र धाडले: एवढ्या क्षुल्लक गोष्टीवरून भांडता काय? पत्र घेऊन कॉर्डोबाचा बिशप होसियस गेला आणि हात हलवत परत आला. मग परिषद बोलावली गेली, आधी अंकिरात, नंतर जागा बदलून निकियात. आलेल्यांत छळाच्या काळात डोळा गमावलेला पॅफ्नुटियस होता. काहींचे हातपाय जायबंदी होते. ज्या सरकारने वीस वर्षांपूर्वी यांना तुरुंगात डांबले होते, तेच सरकार आता त्यांना टपालाच्या गाड्यांतून आणत होते. या माणसांनी सम्राटाला फार वाकून नमस्कार केला याचा दोष देणे मला जमत नाही.

पुत्र ‘घडवलेला नव्हे, जन्मलेला’, ‘पित्याशी एकतत्त्व’ असा मजकूर ठरला. शेवटी शापवाक्ये जोडली: जो म्हणेल की पुत्र शून्यातून झाला, किंवा वेगळ्या तत्त्वाचा आहे, तो बहिष्कृत. थिओनस आणि सेकुंडस या दोन लिबियन बिशपांनी सही नाकारली. ते आरियसबरोबर हद्दपार झाले. यजमान गाव निकियाचा बिशप थिओग्निस याने मतांगीकारावर सही केली, पण आरियसवरच्या शापाला नकार दिला. तीन महिन्यांत तोही हद्दपार झाला. पवित्र आत्म्याविषयी ठरावात नुसता एक उल्लेख आहे, पुढे काही नाही. तो प्रश्न अजून कुणी विचारलाच नव्हता.

वीस नियमांपैकी पाचवा संस्थेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा: प्रत्येक प्रांतात वर्षातून दोनदा बिशपांची सभा भरावी, एक उपवासकाळाच्या आधी, दुसरी शरद ऋतूत. पंधरावा नियम बिशपाला एका गावाहून दुसऱ्या गावी बदली घ्यायला मनाई करतो, सतरावा धर्मगुरूंना व्याजाचा धंदा करायला. बदलीच्या नियमाचे पुढे काय झाले ते येईलच.

एवढ्यावर वाद मिटला असता तर ही कथा दोन पानांची झाली असती. दहा वर्षांत बाजू उलटली. हद्दपार झालेले परत आले; निकोमेडियाचा युसीबियस, आरियसचा जुना पाठीराखा, दरबारात वजनदार झाला. 335 साली सोर इथे परिषद भरली ती निकियाच्या बाजूचा खंदा माणूस, आलेक्सांद्रियाचा नवा बिशप अथनेशियस, याच्यावर खटला चालवायला. आरोप असा की त्याने आर्सेनियस नावाच्या बिशपाचा खून करून जादूटोण्यासाठी त्याचा हात तोडला. पुरावा म्हणून लाकडी पेटीतून एक वाळलेला हात सभेत दाखवण्यात आला. इतिहासकार सॉक्रटीस पुढचे सांगतो: अथनेशियसने विचारले, आर्सेनियसला ओळखणारे इथे कोणी आहे का? काहींनी होकार दिला. तेव्हा त्याने घोंगडीत गुंडाळलेला एक माणूस आत आणवला. चेहरा उघडा केला, तो आर्सेनियस. मग घोंगडीची एक बाजू वर करून एक हात दाखवला. थोडा थांबला. दुसरी बाजू वर करून दुसरा हात दाखवला. तिसरा हात कुठून तोडला ते आता फिर्यादींनी सांगावे, म्हणाला.

तरी परिषदेने त्याला पदच्युत केलेच. आपल्याकडच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना याचे नवल वाटणार नाही. सम्राटाने मात्र त्याला हद्दपार केले ते निराळ्याच कारणाने: राजधानीला जाणारी धान्याची जहाजे अडवण्याची धमकी दिल्याचा आळ. रवानगी थेट ट्रियरला. पंचेचाळीस वर्षांच्या कारकिर्दीत अथनेशियस पाच वेळा हद्दपार झाला. 337 साली मरणशय्येवर कॉन्स्टँटाइनने बाप्तिस्मा घेतला तो निकोमेडियाच्या त्याच युसीबियसकडून.

पुढची पंचवीस वर्षे परिषदांचा नुसता पाऊस. अंत्युखिया, सार्डिका, सिर्मियम. प्रत्येक ठिकाणी नवा मजकूर. हे सगळे क्रमाने सांगण्यात अर्थ नाही. ख्रिस्ती नसलेला इतिहासकार अम्मियानस कुरकुरतो की सभांना धावणाऱ्या बिशपांच्या तांड्यांनी सरकारी टपालसेवेचे कंबरडे मोडले. गट चार झाले होते: पुत्र पित्याशी एकतत्त्व मानणारे, सारख्या तत्त्वाचा मानणारे, नुसता ‘सारखा’ म्हणून तत्त्वाचा विषयच नको म्हणणारे, आणि मुळीच सारखा नाही म्हणणारे, एटियस आणि युनोमियस यांचे अनुयायी. पहिल्या दोघांच्या शब्दांत ग्रीकमध्ये एका आयोटाचा फरक. त्यावरून थट्टा आजवर चालू आहे. पण ती थट्टा उथळ आहे. प्रश्न असा होता की क्रुसावर देव स्वतः आला, की त्याने दुसऱ्या कुणाला पाठवले? ज्याला हा फरक क्षुल्लक वाटतो त्याने एकदा स्वतःला त्या प्रार्थनेच्या जागी ठेवून पाहावे.

सम्राट कॉन्स्टँटियसला तिसरा गट सोयीचा होता. 359 साली त्याने पश्चिमेकडच्या चारशेहून अधिक बिशपांना अरिमिनमला जमवले. त्यांनी निकियाचाच मजकूर उचलून धरला. मग अधिकारी टॉरस याला हुकूम मिळाला: सह्या होईपर्यंत कुणाला घरी सोडायचे नाही. हिवाळा तोंडावर आला होता, म्हातारी माणसे वैतागली होती. दरम्यान त्यांच्या प्रतिनिधींकडून थ्रेसमधल्या नीके नावाच्या गावी सह्या घेतल्या गेल्या. गाव मुद्दाम निवडले, म्हणजे ‘निकियाचा मतांगीकार’ आणि ‘नीकेचा मतांगीकार’ यांत लोकांचा गोंधळ व्हावा, असे सॉक्रटीस म्हणतो. अखेर अरिमिनमच्या बिशपांनी सह्या केल्या. टॉरस दोन वर्षांनी कॉन्सुल झाला. आकड्यावर जायचे तर ही परिषद निकियापेक्षा मोठी होती. इतिहासाने तिला विश्वपरिषद मानले नाही. संख्याबळाने सत्य ठरत नाही हे चर्चला या वेळी सोयीस्करपणे आठवले.

माझ्या मते या सगळ्या वाटचालीतली सर्वांत प्रौढ सभा लहानशी होती: 362 साली आलेक्सांद्रियात अथनेशियसने भरवलेली. अंत्युखियात निकियाच्या बाजूचेच दोन गट एकमेकांचे तोंड पाहत नव्हते. एक गट देवात ‘एक हिपोस्टासिस’, म्हणजे एक अस्तित्व, म्हणे, दुसरा ‘तीन’. हा तापट, हट्टी अथनेशियस, ज्याने आयुष्यभर शब्दांसाठी लढाई केली, त्याने दोघांना विचारले: तुम्हाला म्हणायचे काय आहे? तीनवाल्यांना तीन देव म्हणायचे नव्हते. एकवाल्यांना सॅबेलियस म्हणायचा नव्हता. मग दोघेही ग्राह्य. खरे पाहता निकियाच्या शापवाक्यात ‘वेगळ्या हिपोस्टासिसचा’ म्हणणाऱ्याला बाहेर काढले होते. पन्नास वर्षांत कॅपाडोशियाच्या तिघांनी, म्हणजे बॅसिल, त्याचा भाऊ निसाचा ग्रेगरी आणि मित्र नाझियान्झसचा ग्रेगरी यांनी, ‘एक तत्त्व, तीन हिपोस्टासिस’ हे सूत्र घडवले आणि तेच सनातन मत ठरले. शाप तसाच कागदावर राहिला. अर्थ पुढे गेला.

बॅसिलने 375 मध्ये पवित्र आत्म्यावर पुस्तक लिहिले त्याला निमित्त एका अव्ययाचे. स्तुतीच्या प्रार्थनेत ‘आत्म्याच्या ठायी’ ऐवजी ‘आत्म्यासह’ म्हटल्याबद्दल लोकांनी त्याला टोकले होते. आता आत्म्याचे देवत्व नाकारणारा नवा गट उभा राहिला होता. 378 साली सम्राट व्हॅलेन्स आड्रियानोपलच्या लढाईत पडला आणि थिओडोसियस आला; त्याने 380 साली निकियाचा पंथ हाच साम्राज्याचा धर्म असे फर्मान काढले. पुढच्या वर्षी मे महिन्यात कॉन्स्टँटिनोपलला 150 बिशप जमले, सगळे पूर्वेकडचे. अध्यक्ष मेलेटियस सभा चालू असतानाच वारले. त्यांच्या जागी आलेल्या नाझियान्झसच्या ग्रेगरीवर विरोधकांनी निकियाचा पंधरावा नियम काढला: तू आधी सासिमाचा बिशप, इथे कसा? ग्रेगरीने वैतागून राजीनामा दिला आणि नंतर एका पत्रात लिहिले की बिशपांच्या सभांना आपण जाणार नाही, एकाही सभेचा शेवट चांगला झालेला पाहिला नाही. त्याच्या जागी नेक्टारियस नावाच्या सरकारी अधिकाऱ्याची निवड झाली, ज्याचा बाप्तिस्मासुद्धा व्हायचा होता.

अशा सभेतून तो लांब मतांगीकार आला जो आज म्हटला जातो. आत्म्याला त्यात ‘प्रभू आणि जीवनदाता’ म्हटले, पिता-पुत्राबरोबर त्याची आराधना होते असे म्हटले. सरळ ‘देव’ मात्र म्हटले नाही. समोरच्यांना राखण्यासाठी एवढा हात आखडता घेतला होता, तरी छत्तीस बिशप उठून गेले. ‘त्याच्या राज्याचा अंत होणार नाही’ हे कलमही याच मजकुरातले, आणि ते आरियसविरुद्ध नाही. निकियाच्याच बाजूच्या, पण सॅबेलियसकडे झुकलेल्या अंकिराच्या मार्सेलसविरुद्ध आहे.

आरियसचे मत साम्राज्यातून गेले ते सीमेवरच्या लोकांत जगले. गॉथ बिशप उल्फिलासने बायबल गॉथिक भाषेत आणले होते. राजांची पुस्तके मात्र गाळली, कारण गॉथांना लढाईची आणखी शिकवण नको होती. रवेन्नात गॉथ राजा थिओडोरिकने बांधलेल्या सांत अपोलिनारे नुओवो चर्चमध्ये भिंतीवर त्याच्या राजवाड्याचे मोझेक आहे. 540 साली गाव बिझँटाइनांच्या हाती गेले आणि पुढे कमानींमधल्या माणसांच्या आकृती काढून तिथे पडदे जडवले गेले. पण खांबांवर आलेले हात काढायचे राहिले. पांढऱ्या खांबांवर मनगटापासून पुढचे सुटे हात आजही दिसतात.

स्पेनच्या गॉथ राजाने 589 साली टोलेडोत आरियसचे मत सोडले. तिथल्या चर्चमध्ये आरियसवाद पुन्हा डोके वर काढू नये म्हणून आत्मा पित्यापासून ‘आणि पुत्रापासून’ निघतो अशी भर मतांगीकारात रुळली. 1014 साली ती रोममध्येही आली. पूर्वेच्या चर्चने ती कधीच मान्य केली नाही. पूर्व आणि पश्चिम यांच्या फुटीच्या कारणांत हे दोन शब्द आजही आहेत. एका पाखंडाला लावलेले कुंपण शेजाऱ्याच्या आवारात घुसले ते असे.

मिखाएल सेर्व्हेटस या स्पॅनिश वैद्याला 27 ऑक्टोबर 1553 रोजी जिनिव्हात त्रैक्य नाकारल्याबद्दल जिवंत जाळले. मरताना त्याने येशूला ‘सनातन देवाचा पुत्र’ म्हणून हाक मारली. ‘देवाचा सनातन पुत्र’ म्हणाला असता तर कदाचित वाचला असता. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात राहून न्यूटन खासगी वह्यांत अथनेशियसला खलनायक ठरवत होता, आणि गप्प होता. ट्रान्सिल्व्हेनियात त्रैक्य न मानणारे युनिटेरियन चर्च उभे राहिले ते अजून चालू आहे. ब्रिटनमध्ये त्रैक्य नाकारणे 1813 पर्यंत कायद्याने गुन्हा होता.

तिथून वाट भारतात येते. कलकत्त्यात विल्यम अ‍ॅडम हा बाप्टिस्ट मिशनरी राममोहन रॉय यांच्यासोबत नव्या कराराचे बंगाली भाषांतर करायला बसला. योहानाच्या पहिल्या अध्यायात सर्व काही पुत्रा‘ने’ झाले की पुत्रा‘द्वारे’, यावर वाद झाला. ‘द्वारे’ धरल्यावर अ‍ॅडमचे त्रैक्यही सुटले आणि 1821 मध्ये तो युनिटेरियन झाला. बॅसिलला हा प्रसंग मुळीच परका वाटला नसता. आणि मुंबईच्या प्रार्थना समाजाचे विठ्ठल रामजी शिंदे 1901 ते 1903 ऑक्सफर्डला शिकले ते मँचेस्टर कॉलेजात, युनिटेरियनांच्या शिष्यवृत्तीवर; तिथे प्रवेशासाठी कुठल्याच मतांगीकारावर सही लागत नसे.

पंडिता रमाबाईंना मात्र सही करूनच आत जावे लागले होते. सप्टेंबर 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि थोड्याच दिवसांत सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रांतून खटका उडू लागला. मुद्दे जुनेच: ख्रिस्ताचे देवत्व, त्रैक्य. जेराल्डिन म्हणत, चर्चने ठरवले आहे ते नम्रपणे घ्यावे. रमाबाईंचे म्हणणे, एका धर्मसत्तेच्या तावडीतून सुटून दुसऱ्या धर्मसत्तेखाली जायला आपण आलो नाही; बायबल आपण स्वतः वाचणार. चेल्टनहॅमच्या प्राचार्य डोरोथिया बील यांनी त्यांना गप्प केले नाही. प्रश्नांना लांबच लांब उत्तरे लिहिली. तो पत्रव्यवहार 1977 मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने इंग्रजीत छापला आहे. पुढे ख्रिस्ताचे देवत्व रमाबाईंनी मनापासून स्वीकारले, पण चर्चने सांगितले म्हणून नव्हे. केडगावला त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि 1922 साली निधन होईपर्यंत सगळे बायबल मूळ भाषांवरून मराठीत आणण्याच्या कामात होत्या.